किल्लारीने कायद्याला काय दिले?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरच्या किल्लारी, सास्तूर परिसरात भूकंपाने हजारो माणसे दगावली. त्यांतली बहुतेक घरांखालीच सापडली. काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच घर जीवघेणे ठरले. पुढे जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारे राबवलेल्या कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. ते काम ठेकेदारी पद्धतीचे आणि डोळ्यांत भरणारे होते. माझ्या मते खरा धडा मात्र दुसरीकडे आहे. जागेवरच दुरुस्त करायच्या घरांसाठी सरकारने हप्त्याहप्त्याने पैसे घरमालकाच्या हाती दिले. महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ निवडल्या गेल्या. भिंतीत आरपार दगड कुठे बसवायचा, पुढचा हप्ता का अडला, हे त्या घरोघर समजावत. मदत वाटणारी समाजसेवा इथे हिशेब विचारणारी झाली.

यावर आक्षेप असा की, आपत्ती व्यवस्थापन कायदा आला २००५ मध्ये, भूजचा भूकंप आणि त्सुनामीनंतर. त्यात लातूरचे काय? तारखांचा हिशेब बरोबर आहे. पण २००१ मध्ये भूजला मार्ग दाखवायला गेलेल्यांत लातूर-उस्मानाबादच्या बायकाही होत्या, म्हणजे पद्धत कायद्याच्या आधी पोचली होती. कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष केले, जिल्हा परिषद अध्यक्षाला सहअध्यक्षपद दिले. संवाद सहायकाचे पद मात्र त्यात नाही.