शहाजोग कोण? हुंडीपासून गिफ्ट कार्डापर्यंत एक धागा

एखाद्याला ‘शहाजोग’ म्हटले की आज साळसूदपणाचा आव आणणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. शब्दाचा मूळ अर्थ मात्र याच्या नेमका उलट होता. शहा म्हणजे बाजारात पत असलेला सावकार, आणि जिची रक्कम अशाच माणसाच्या हाती द्यायची ती शहाजोग हुंडी. अनोळखी माणसाकडून किमती कागद कसा घ्यावा, या प्रश्नाला आपल्या बाजारपेठेने शोधलेले हे उत्तर होते. प्रश्न अजून जिवंत आहे. कागदाऐवजी आता सोळा अक्षरांचा एक संकेतांक असतो, एवढेच.

वैनगंगेपलीकडचा झाडीचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता, त्या काळात रोकड घेऊन जंगलवाटेने प्रवास करणे म्हणजे जिवावर उदार होणे. म्हणून नागपूरच्या पेढीवर रुपये भरायचे, हुंडी घ्यायची आणि दूरच्या शहरातील आडत्याकडे ती वटवायची. यासाठी पेढी जी कसर घेई तिला हुंडणावळ म्हणत. अंतर, मुदत आणि नाण्यांची टंचाई पाहून तिचा दर ठरे व तो बाजारात सर्वांना ठाऊक असे. कोणी त्याहून फारच स्वस्तात हुंडी देऊ लागला, तर शहाणा व्यापारी आनंदण्याऐवजी सावध होई.

हुंड्यांचे प्रकार पाहिले की भीती कशाची होती ते कळते. ‘देखणहारजोग’ हुंडी जो आणून दाखवील त्याला पैसे. सोय मोठी, पण चोरालाही तेवढीच. ‘धनीजोग’ हुंडीत रक्कम नेमक्या धन्यालाच मिळे. शहाजोग हुंडी या दोहोंच्या मधली होती. ती हातोहात फिरू शके, मात्र शेवटी पैसे मागायला एखादा पतदार शहाच यावा लागे. हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर ती कोणाकडून आली हे दाखवणे, नाहीतर रक्कम व्याजासह परत करणे, ही त्या शहाची जबाबदारी असे. एकोणिसाव्या शतकात मुंबई उच्च न्यायालयासमोर असे वाद आले, तेव्हा न्यायाधीशांनी हा व्यापारी रिवाज विचारात घेतला. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात राखून ठेवले.

लिखाणातील खबरदारी तर वाचण्यासारखी आहे. हजाराची हुंडी असेल तर नुसते ‘हजार’ लिहून भागत नसे. निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे हजार, अशी रक्कम फिरवून फिरवून लिहीत. एक आकडा खोडला तरी दुसरा चुगली करी. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ निघे, तीही हरवली तर ‘परपेठ’. प्रत्येकीत आधीच्या कागदाचा उल्लेख असे, म्हणजे तीन कागद फिरले तरी पैसे एकदाच मिळत. वटलेल्या हुंडीला ‘खोखा’ म्हणत. (आजच्या राजकारणातल्या खोक्यांशी त्याचा घोळ घालू नये.) खोखा पेढीकडे जमा होई, विकणाऱ्याच्या खिशात राहत नसे.

गिफ्ट कार्डाचा घोटाळा नेमका याच ठिकाणी होतो. कार्ड ही शुद्ध देखणहारजोग हुंडी आहे. संकेतांक जो आधी टाकील, रक्कम त्याची. केशोरीत बसलेला एखादा विद्यार्थी समाजमाध्यमावरच्या अनोळखी विक्रेत्याकडून दोन हजारांचे कार्ड पंधराशेला घेतो. कार्ड खरे असते, शिल्लकही खरी असते. पण संकेतांकाची नक्कल विक्रेत्याकडे राहतेच आणि पैसे पोहोचताच तो स्वतःच ते कार्ड वापरून मोकळा होतो. शिल्लक दाखवणारे छायाचित्र इथे काहीच सिद्ध करत नाही. ते फार तर मागच्या क्षणाचे सत्य असते. ‘शिल्लक तपासा’ म्हणून विक्रेत्याने पाठवलेला दुवा त्याहून घातक, कारण तिथे भरलेला संकेतांक थेट चोराकडे जातो.

दुसरा धोका खुद्द कागदाच्या खरेपणाचा. त्यासाठी महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. अब्दुल करीम तेलगीने १९९४ मध्ये मुद्रांक विक्रीचा रीतसर परवाना मिळवला. पुढे नाशिकच्या सरकारी प्रतिभूती मुद्रणालयातून मोडीत निघालेली यंत्रे त्याच्या हाती लागली आणि त्याचे बनावट मुद्रांक बँका, विमा कंपन्या व दलाली पेढ्यांपर्यंत पोहोचले. २००१ मध्ये त्याला अजमेरला अटक झाली. २००७ मध्ये १३ वर्षांची शिक्षा आणि २०२ कोटींचा दंड झाला. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा छपाईच्या कौशल्यात नाही. विक्रेत्याकडे परवाना आहे, एवढ्यावर घेणाऱ्यांनी कागद स्वीकारला; तो जिथून निघाला तिथे विचारणा केली नाही. नंतर आलेल्या ई-मुद्रांकावर स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो थेट जारी करणाऱ्या यंत्रणेकडे पडताळता येतो. हुंडी ज्याच्यावर लिहिली आहे त्याला आधी दाखवून ‘सकारून’ घेण्याचाच हा नवा अवतार.

आज खासगी विक्रेत्याकडून कार्ड घ्यायचेच असेल तर सकारणे म्हणजे काय? कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून शिल्लक पाहणे आणि ती रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्यावरच पैसे देणे. विक्रेता समोर बसलेला असेल तर हे जमते. तो दूर असेल तर दोघांपैकी एकाला आधी विश्वास टाकावा लागतो, आणि मधे शहा नसतो. खरेदीला संरक्षण देणारा, वाद झाल्यास पैसे परत करणारा मध्यस्थ असेल तरच व्यवहार करावा. मूळ खरेदीची पावतीही मागावी. चोरलेल्या बँक कार्डावर घेतलेले गिफ्ट कार्ड तुमच्या खात्यात जमा झाल्यावरही कंपनी गोठवू शकते, आणि तेव्हा रक्कम परत करणारा शहा कुठे शोधणार?

रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार बँका व परवानाधारक संस्थांच्या गिफ्ट कार्डाची कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे. त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि रोख रक्कमही काढता येत नाही. त्यामुळे ‘बँकेचे पंचवीस हजारांचे कार्ड’ विकणारा तिथेच उघडा पडतो. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःपुरते काढलेले कार्ड या चौकटीत येत नाही. तिथे त्या दुकानाच्याच अटी वाचाव्या लागतात.

फसवणूक झालीच तर १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लगेच फिरवावा आणि कार्ड गोठवण्यासाठी कंपनीलाही कळवावे. संभाषण, कार्डाचा क्रमांक आणि पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक विक्रेत्याने खाते पुसण्याआधी जपून ठेवावा. हुंडीच्या काळी हे सारे पेढीच्या वहीत आपोआप नोंदले जाई. आता ती वही आपल्यालाच लिहावी लागते.