विहीर उपसताना बांधकाम का ढासळतं?
छत्रपती संभाजीनगर परिसरात खाली बेसाल्टचा काळा कातळ, वर मुरूम आणि माती. कातळ स्वतःच उभा राहतो. बांधकाम लागतं ते वरच्या भुसभुशीत थराला. पावसाळ्यात याच थरात पाणी भरतं. विहीर भरलेली असेल तर आतलं पाणी बाहेरचा दाब तोलून धरतं. मोटर लावून ती झपाट्याने उपसली, की तो आधार जातो. भिंतीमागे 5 मीटर पाणी उभं असेल, तर तळाशी दर चौरस मीटरला पाण्याचाच सुमारे 5 टन दाब येतो! खाणीच्या 300 मीटर खोल काँक्रीट अस्तराला हाच हिशेब 300 टनांवर जातो. गोल विहीर हा दाब कमानीसारखा पेलते, चौकोनी भिंत मध्ये वाकते. म्हणूनच बांधकामात पाणी झिरपायला भोकं ठेवतात. गळती समजून ती सिमेंटने बुजवू नयेत. भिंतीला फुगवटा दिसला, तर गाळ काढायलाही आत उतरू नये.