च्वान्चौ : तीन दिवसांचा बेत

प्रवासाला निघतांना काय पाहावयाचें हें आपण आधीं ठरवितों. काय खावयाचें हें मात्र दैवावर सोपवितों. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील च्वान्चौ या जुन्या बंदरांत तीन दिवस घालविण्याचा बेत करतांना आम्हीं हा नियम मोडावयाचें योजिलें आहे. कारण तेथें इतिहास आणि स्वयंपाकघर यांची फारकत करतांच येत नाहीं.

पहिला दिवस काय्युआन विहाराचा. इ. स. ६८६ मध्यें स्थापन झालेल्या या बौद्ध विहाराच्या मुख्य मंदिरामागें दोन दगडी खांब आहेत, आणि त्यांवर नरसिंह व कालियामर्दन करणारा कृष्ण कोरलेले आहेत! येथें तामिळ व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्यांनीं शिवमूर्ति स्थापिल्याचा इ. स. १२८१ चा शिलालेखहि सांपडला आहे. भोजनाविषयीं शाकाहारी मंडळींनीं निराश होऊं नये. चिनी भिक्षूंच्या पंगतींत मांस तर नाहींच, पण कांदा-लसूणहि वर्ज्य!

दुसरा दिवस इतरांचा. सकाळीं बारीक शेवयांची दाट पेज घ्यावी आणि इ. स. १००९ मध्यें उभारलेली मशीद पाहावी. त्यानंतर १९७४ मध्यें चिखलांतून काढलेलें तेराव्या शतकांतील जहाज पाहावें. त्याच्या पोटांत सुगंधी लांकडें आणि मिरीं निघालीं. अरब या बंदरास झैतून म्हणत.

तिसरा दिवस लोयांग पुलाचा. खाडीच्या तोंडाशीं, इ. स. १०५३ ते १०५९ या काळांत बांधलेल्या या पुलाच्या पायावर कारागिरांनीं मुद्दाम कालवें वाढविलीं. त्यांच्या शिंपांनीं दगड एकमेकांस घट्ट जखडले. तींच कालवें अंडीं आणि रताळ्याचें पीठ यांत घालून तव्यावर भाजतात. रताळें मूळचें अमेरिकेचें. स्पॅनिश लोकांनीं तें फिलिपाइन्समध्यें आणलें, व तेथून इ. स. १५९३ च्या सुमारास तें या प्रांतांत शिरलें.

येथें वाचकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. परदेशीं आपला कृष्ण दिसतांच बृहत्तर भारताच्या अभिमानानें आपली छाती फुगते. पण त्या खांबांचा अर्थ निराळा आहे. ते जेत्यांनीं नव्हे, तर पाहुण्यांनीं घडविलेले आहेत. यजमानांनीं जागा दिली तोंपर्यंत पाहुणे नांदले. इ. स. १३५७ ते १३६६ या काळांत परकीय शिपायांचें बंड झालें, तें मोडतांना परदेशीयांची कत्तल झाली, आणि पुढें मिंग राजांनीं खाजगी समुद्रव्यापारच बंद केला. वस्ती गेली, तिच्या देवालयाचे दगड दुसऱ्यांच्या मंदिरास आधार देऊं लागले. २०२१ मध्यें युनेस्कोनें या नगरास जागतिक वारसा म्हणून गौरविलें, तें याच सरमिसळ वैभवासाठीं.

तेव्हां आम्ही तेथें आपलें कांहीं शोधण्यास जाणार नाहीं. परकें आलेलें रताळें त्यांच्या तव्यावर रुळलें, तसेंच आमच्या एकादशीच्या ताटांतहि रुळलें. आपलें म्हणजे काय, हें त्या ताटाला विचारावें, खांबाला नव्हे.