किल्लीतला रोध

ओहमचा नियम शिकवून झाल्यावर वर्गात सांगावी अशी ही गोष्ट. १९८६ च्या कॉर्व्हेट मोटारीच्या किल्लीत जनरल मोटर्सने इवलासा रोधक बसवला. खाचा जुळल्या तरी त्याचा रोध जुळल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. रोधाची मूल्ये अवघी १५! मग चोराने एकेक करून का पाहू नये? कारण मूल्य चुकले की यंत्रणा काही मिनिटे बंद राही. चुकीला ४ मिनिटे धरा. १४ चुकांना ५६ मिनिटे. एवढी सवड चोराला कुठली? किल्ली हरवलेल्या मालकाला मात्र ती असे.

पुढे किल्लीत चिप आली. ४० बिटांच्या संकेताच्या शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी. तरी असा एक संकेत २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह उकललाच. चिपची किल्ली हरवली तर नुसते पाते कापून भागत नाही. नव्या चिपची ओळख गाडीतल्या संगणकाला करून द्यावी लागते.