संकेतांचे वर्गीकरण

संकेत किंवा सिग्नल म्हणजे काळ, स्थान अथवा अन्य स्वतंत्र चलानुसार बदलणारी आणि माहिती वाहून नेणारी राशी होय. विश्लेषणाची गणिती पद्धत संकेताच्या प्रकारावर अवलंबून असल्याने प्रथम तो प्रकार ठरवला जातो. निकष अनेक असल्यामुळे एकच संकेत एकाच वेळी अनेक वर्गांत मोडतो.

काल आणि मूल्य

तापमान प्रत्येक क्षणी अस्तित्वात असते. स्वयंनोंदी तापमापकाने कागदावर काढलेली अखंड रेषा हा सतत-काल संकेत आहे. पर्जन्यमापकावरील मागील २४ तासांचा पाऊस मात्र रोज सकाळी ८:३० वाजता नोंदवला जातो. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील अशा दैनिक नोंदींची मालिका हा विविक्त-काल संकेत होय.

विविक्त-काल आणि अंकीय हे शब्द समानार्थी नाहीत. पहिला काळाविषयी, तर दुसरा मूल्याविषयीही सांगतो. अंकीय संकेताची मूल्ये ठरावीक पातळ्यांपैकीच असतात. ध्वनीच्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुन्यासाठी ६५,५३६ पातळ्या उपलब्ध असतात.

आवर्ती आणि अनावर्ती

ठरावीक कालांतराने तंतोतंत पुनरावृत्त होणारा संकेत आवर्ती होय. भारतातील घरगुती वीजपुरवठ्याचा दाब सेकंदाला ५० आवर्तने करतो. भूकंपलेखावरील कंपने अनावर्ती असतात.

निश्चित आणि यादृच्छिक

सूर्योदयाची वेळ गणिताने आधीच काढून पंचांगात छापता येते. ती निश्चित संकेताचे उदाहरण आहे. दैनिक पाऊस यादृच्छिक असून त्याचे वर्णन सरासरी, विचलन व संभाव्यता यांद्वारे करावे लागते. सरासरी ठाऊक असली तरी विशिष्ट दिवसाचा पाऊस त्यावरून सांगता येत नाही.

ऊर्जा आणि शक्ती

संकेताच्या वर्गाची संपूर्ण काळावरील बेरीज सांत व शून्येतर असल्यास तो ऊर्जा संकेत, आणि तिची दीर्घकालीन सरासरी सांत व शून्येतर असल्यास तो शक्ती संकेत ठरतो. अखंड चालणारी ज्या-तरंगरूपी वीज दुसऱ्या वर्गात येते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेणाऱ्या किल्लारी भूकंपाची कंपने काही काळाने शमली. असा संकेत पहिल्या वर्गात मोडतो.

महत्त्व

आवर्ती संकेतासाठी फूरिए श्रेणी, अनावर्ती ऊर्जा संकेतासाठी फूरिए रूपांतर, तर यादृच्छिक संकेतासाठी सांख्यिकीय पद्धती वापरतात. भूकंपात प्राथमिक तरंग आधी आणि अधिक विध्वंसक दुय्यम तरंग नंतर पोहोचतात. त्यामुळे एकूण वारंवारतांबरोबर त्या केव्हा आल्या हेही पाहावे लागते. याच अंतरावर भूकंपाची पूर्वसूचना देणाऱ्या यंत्रणा आधारलेल्या असतात.