‘मूकनायक’ ते ‘जनता’ : संपादक आणि लेखकवर्ग

मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिताना संपादकाचे छापलेले नाव प्रमाण धरण्याची जी रूढी पडली आहे, तिचा फोलपणा अस्पृश्यवर्गीय पत्रांच्या बाबतीत जितका उघड होतो तितका क्वचितच अन्यत्र होत असेल. अंकावर नाव एकाचे, लेखणी दुसऱ्याची आणि पत्र ज्यांच्यासाठी निघाले त्यांपैकी बहुसंख्यांना अक्षरओळखही नाही, अशा स्थितीत ही पत्रे जन्मास आली. त्यांचे संपादक कोण आणि लेखक कोण हा प्रश्न केवळ सूचिकाराच्या सोयीचा नाही. अस्पृश्य समाजाने मराठी गद्यात आपला आवाज केव्हा व कोणत्या रीतीने उमटविला, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आरंभ ‘मूकनायका’पासून धरण्याचा प्रघात आहे, तो सर्वथा बरोबर नाही. महाडनजीकच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी लष्करी नोकरीतून निवृत्त झाल्यावर लेखनास प्रारंभ केला आणि 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. परंतु स्वतःचे पत्र हाती नसल्याने त्यांना ‘दीनबंधु’, ‘सुधारक’ यांसारख्या दुसऱ्यांच्या पत्रांचा आश्रय घ्यावा लागला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ काढून ही उणीव प्रथम भरून काढली. पाठोपाठ विदर्भात किसन फागू बनसोडे यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’ (1910), ‘विटाळ विध्वंसक’ (1913) आणि ‘मजूर पत्रिका’ (1918) अशी एकामागून एक पत्रे चालविली. वलंगकरांच्या पुस्तिकेच्या नावाचा पडसाद बनसोड्यांच्या पत्राच्या नावात ऐकू येतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

31 जानेवारी 1920 रोजी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. परळच्या पोयबावडीत त्याचे कार्यालय होते आणि छत्रपती शाहूमहाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. परंतु आरंभीचे अग्रलेख डॉ. आंबेडकरांच्या लेखणीतून उतरलेले आहेत. ते त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात अध्यापक, म्हणजे सरकारी नोकर असल्याने त्यांचे नाव संपादकाच्या जागी येणे शक्य नव्हते. जुलै 1920 मध्ये ते विद्याभ्यासासाठी लंडनला गेले आणि पत्राची सूत्रे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे आली. पुढे उभयतांत बेबनाव झाला व 1923 मध्ये पत्र बंद पडले. घोलपांचे नाव या इतिहासात बहुधा तक्रारीच्याच स्वरात घेतले जाते. ज्याचे संस्थापक सातासमुद्रापलीकडे होते, ज्याच्या ग्राहकवर्गाच्या हाती पैसा नव्हता आणि ज्याची जाहिरात रोख पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, असे पत्र चालविणे किती बिकट होते, याचा विचार मात्र सहसा होत नाही.

‘बहिष्कृत भारता’ची कथा निराळी आहे. मुंबईहून येणारा रस्ता पनवेल ओलांडून पळस्प्यास आला की त्याला दोन फाटे फुटतात : एक घाट चढून पुण्यास जातो, दुसरा पेण-माणगाववरून महाडाकडे व पुढे गोव्यास. मराठी पत्रव्यवसायाचा इतिहास आजवर पहिल्या फाट्याने पुष्कळ फिरला. दुसऱ्या फाट्याकडे त्याने क्वचितच पाहिले. वास्तविक ‘बहिष्कृत भारता’चे मूळ या दुसऱ्या वाटेवर आहे. 19 व 20 मार्च 1927 रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, 3 एप्रिल रोजी, या पाक्षिकाचा पहिला अंक बाहेर पडला. परिषदेमागे दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंत विनायक चित्रे ही मंडळी होती. यांपैकी मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले व 1965 मध्ये ‘जीवनमार्ग’ या पत्राचे संस्थापक झाले.

या पत्राचे संपादक डॉ. आंबेडकर स्वतः होते आणि नाव व लेखणी यांचा मेळ येथे प्रथमच बसला. मेळ इतका पूर्ण की दुसरे कोणी लिहिणारेच नव्हते! अंकाचे चोवीस चोवीस रकाने आपल्याला एकट्याला भरून काढावे लागतात, ही व्यथा त्यांनी वाचकांपुढे मांडली आहे. एकहाती नियतकालिक म्हटले की विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ आठवते. परंतु मालाकारांचे एकहातीपण हा त्यांच्या प्रतिभेचा विलास होता. येथे ते समाजाच्या निरक्षरतेतून आले होते. ज्या समाजाला शाळेच्या ओट्यावरही जागा नव्हती, त्यातून एका पिढीत लेखकवर्ग उभा राहावा ही अपेक्षाच अवास्तव होती.

भाषेच्या दृष्टीने हे लेखन फार मोलाचे आहे. अग्रलेखांत संस्कृतप्रचुर, न्यायालयीन युक्तिवादासारखी पायरीपायरीने चढणारी वाक्यरचना आढळते. तर ‘आजकालचे प्रश्न’ या सदरात वाक्य आखूड होते, म्हणी येतात, उपहास धारदार होतो. पत्राच्या शिरोभागी ‘मूकनायका’ने तुकोबांची व ‘बहिष्कृत भारता’ने ज्ञानेश्वरांची वचने घेतली, यालाही अर्थ आहे. मराठी वाङ्मयाचा वारसा हा कोणा एका वर्गाची मिरास नव्हे, हे त्यातून कोणताही वाद न घालता सुचविले गेले.

15 नोव्हेंबर 1929 रोजी ‘बहिष्कृत भारत’ थांबले. दरम्यान समाज समता संघाच्या वतीने 29 जून 1928 पासून ‘समता’ निघू लागले होते. त्याचे संपादक देवराव विष्णु नाईक. 24 नोव्हेंबर 1930 रोजी निघालेल्या ‘जनता’चेही प्रथम संपादक तेच. पुढे भास्कर रघुनाथ कद्रेकर, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, बापू चंद्रसेन कांबळे यांनी ती धुरा वाहिली. महाडच्या दुसऱ्या परिषदेत 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ते हेच. जन्माने ब्राह्मण असलेली ही व्यक्ती अस्पृश्यांच्या मुखपत्राची संपादक होते, ही घटना काहींना विसंगत वाटते. डॉ. आंबेडकरांना ती तशी वाटली नाही, कारण त्यांचा विरोध ब्राह्मण्याशी होता, ब्राह्मण जातीतील माणसाशी नव्हता.

4 फेब्रुवारी 1956 रोजी ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्याच्या संपादकांत पुढे शंकरराव खरात आले, ज्यांनी 1984 मध्ये जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. चोवीस रकान्यांना लेखक न मिळालेल्या समाजातून तोवर कथाकार, कवी व आत्मचरित्रकारांची एक पिढी पुढे आली होती.

महाराष्ट्र शासनाने 1990 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंक एकत्र प्रसिद्ध केल्याने अभ्यासकांची मोठी सोय झाली. परंतु निनावी स्फुटांच्या कर्तृत्वाचा प्रश्न त्याने सुटत नाही. डॉ. आंबेडकर लंडनला गेल्यानंतरच्या ‘मूकनायका’तील मजकूर आणि ‘जनता’तील बिनसहीचे लेख यांची शब्दकळा, वाक्यबंध व संबोधने तपासून कोणते लेखन कोणाचे, हे ठरविण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. त्यात भटकर, घोलप, कद्रेकर यांच्या वाट्याला जे येईल ते त्यांच्या पदरात टाकले पाहिजे.