जुन्या वास्तूंचें नवें काम

कोणतीहि जुनी इमारत पाहिली कीं ती कोणीं बांधली आणि केव्हां बांधली, हे दोन प्रश्न आपण सर्वजण विचारतों. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्या कामासाठीं ती बांधली तें काम संपल्यावर ती टिकली कशी? आज या तिसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठीं अहमदनगर, म्हणजे सन २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर हें नांव मिळालें तें शहर, यापरतें सोयीचें ठिकाण शोधूनहि सांपडावयाचें नाहीं.

या प्रश्नाला आपल्याकडे एक जुनें उत्तर आहे, तें जीर्णोद्धाराचें. ज्यांचें नांव या जिल्ह्यानें आज धारण केलें आहे त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म याच जिल्ह्यांतील चौंडी गांवीं १७२५ सालीं झाला. काशीस विश्वेश्वराचें मंदिर त्यांनीं १७८० च्या सुमारास पुन्हां उभें केलें. सोमनाथ व गया येथेंहि त्यांनीं मंदिरें बांधविलीं. जीर्णोद्धारांत दगड नवे आले तरी भाविकाचें कांहीं अडत नाहीं, कारण देव तोच असतो व पूजाहि तीच चालते. तेथें वास्तु बदलते, तिचें काम बदलत नाहीं. पण जिचें कामच नाहींसें झालें त्या वास्तूचें काय करावयाचें? १४९० सालीं अहमद निजामशहानें स्वतंत्र राज्य स्थापिलें व पुढें आपल्या नांवाचें हें शहर वसविलें. १६३६ सालीं तें राज्य बुडालें. शहा गेले, वजीर गेले, दरबार उठला. मागें महाल, कबरी, मशिदी आणि एक बळकट किल्ला एवढें उरलें. मशिदींत नमाज चालू राहिला. बाकीच्यांचें नशीब ज्याचें त्यानें पाहिलें.

शहराच्या पूर्वेस शहाडोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत लांबूनच दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. पण ती महाल नव्हे, आणि चांदबिबीचीहि नव्हे. मूर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर. हा वजीर १५८९ च्या सुमारास वारला. इमारतीची उंची सुमारें ७० फूट असून कबर तळघरांत आहे. वर चहूंकडून कमानी आहेत व त्यांतून वारा अखंड वाहत असतो. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज लष्कराला या वाऱ्याचाच मोह पडला. नगरच्या छावणींतील आजारी सोजीर हवापालटासाठीं येथें आणून ठेवूं लागले. मेलेल्या माणसाच्या विसाव्यासाठीं बांधलेल्या जागेंत जिवंत माणसें बरें होण्यासाठीं राहूं लागलीं. हा उपयोग कोणाला खटकेल, आणि खटकावा हेंहि स्वाभाविक आहे. तथापि जेथें माणसांचा राबता असतो तेथें भिंतींत रुजलेला पिंपळ फार दिवस वाढत नाहीं व गळकें छत दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तसेंच राहत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

शाळेंतील मुलांना मी या डोंगरावर सहलीस नेत असें. एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, एवढी जागा, एवढी हवा, मग येथें कोणी राहत कां नाहीं?” बाकीचीं मुलें हंसलीं. पण वास्तुसंरक्षणाचा सारा वाद त्या पोराच्या प्रश्नांत आला होता. रिकामी वास्तु उभी ठेवतां येते, पण ती वापरांत ठेवणें निराळें.

आतां किल्ल्याकडे वळूं. हुसेन निजामशहानें तो १५५९ पासून दगडांत बांधून काढला. १५९५-९६ च्या वेढ्यांत चांदबिबीनें तो मोगलांशीं लढविला. १८०३ सालीं तो जनरल वेलस्लीनें घेतला. तोफांचा काळ पालटल्यावर अशा कोटाचा लढाईस उपयोग उरला नाहीं. म्हणून तो निकामी ठरला असें मात्र झालें नाहीं. त्याच्या खंदकानें व तटानें शत्रूला बाहेर ठेवण्याऐवजीं बंदिवानांना आंत ठेवण्याचें काम पतकरलें. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव असे बारा नेते येथें स्थानबद्ध झाले. नेहरूंनीं आपला ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ येथेंच १९४४ सालीं लिहिला. त्याच्या आरंभींच त्यांनीं सांगितलें आहे कीं, बाग करण्यासाठीं अंगण खणतांना जुन्या भिंतींचे व घुमटांचे अवशेष जमिनींत लागले. म्हणजे नवी बराक उभारतांना पूर्वीच्या इमारतींवर माती पडली होती. जागेला नवें काम मिळालें, पण पूर्वीचा इतिहास त्या कामाखालीं गाडला गेला. वापरानें वास्तु वांचते हें जितकें खरें, तितकेंच अविचारी वापरानें ती बुजते हेंहि खरें.

शहराच्या आग्नेयेस असलेला फराहबाग हा याच्या उलट नमुना आहे. तळ्याच्या मध्यभागीं बांधलेला हा विलासमहाल सलाबतखानाच्या देखरेखीखालीं १५८३ च्या सुमारास पुरा झाला. पुढें बाग गेली, तळें सुकत गेलें, आणि पाण्यावांचून त्या महालाला अर्थच उरला नाहीं. दुसरें टिकाऊ काम त्याला मिळालें नाहीं. त्याच्या चुन्याच्या गिलाव्याची कारागिरी आजहि पाहण्यासारखी आहे. तथापि जो जातो तो पाहतो आणि परत येतो.

अशा वास्तूंना कायद्याचें छत्र मिळालें तें लॉर्ड कर्झनच्या काळीं. १९०४ सालीं प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. पुराणवस्तुसंशोधन खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल यांनीं १९२३ सालीं दुरुस्तीचे नियम प्रसिद्ध केले. त्यांचें सार असें कीं, जें अस्सल उरलें आहे तें जपावें, नवें घडवून जुन्याचा देखावा करूं नये. स्वतंत्र भारतानें १९५८ सालीं आपला कायदा केला. २०१० च्या दुरुस्तीनें संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांच्या आंत नवें बांधकाम बंद झालें, व त्यापुढील २०० मीटरांत परवानगीची अट आली. हें सर्व योग्यच झालें. पण सरकारी यादींत नांव नसलेल्या वाड्यांना, चावड्यांना, शाळांना आणि जुन्या बाजारपेठांना हें छत्र पुरत नाहीं. तीं टिकावयाचीं तर कोणाच्या तरी उपयोगीं पडूनच टिकतील.

येथें एका वेगळ्या व्यवसायाचा संबंध येतो. नवी इमारत उभारणारा स्थपति आपल्याला परिचित आहे; दुसऱ्यानें बांधलेली इमारत जगविणारा स्थपति आपल्याकडे अलीकडचा. मुंबईचे विकास दिलावरी यांची कारकीर्द या कामांतच गेली आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें होतें. काळाच्या ओघांत त्याची रया गेली. त्याच्या दुरुस्तीला २००५ सालीं युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ सालीं तें पुन्हां उघडलें. छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीलाहि २०२२ सालीं तोच मान मिळाला. या दोन्ही कामांत दिलावरी हे स्थपति होते. ही दुसरी इमारत जॉर्ज विटेटनें संग्रहालयासाठींच बांधली. पण पहिल्या महायुद्धांत ती लष्करी रुग्णालय झाली आणि संग्रहालय म्हणून तिचे दरवाजे १९२२ सालीं उघडले. सलाबतखानाच्या कबरीसारखाच तिच्याहि वाट्याला रोग्यांचा मुक्काम आला. फरक एवढाच कीं, मुंबईची इमारत पुढें आपल्या मूळ कामावर परतली आणि शंभर वर्षांनीं तिला जाणता वैद्य भेटला.

हा वैद्य करतो काय? हातोडा उचलण्यापूर्वीं तो मोजतो. भेग जुनी कीं वाढती, पाणी वरून येतें कीं पायांतून चढतें, कोणती भिंत मूळची व कोणती मागाहून घातलेली, हें तो नकाशावर मांडतो. मग चुन्याच्या कामाला चुनाच लावतो. चुन्यांतून भिंतीचा ओलावा बाहेर निघून जातो. सिमेंटचा थर मात्र ओल आंत कोंडतो. तिच्याबरोबर क्षार सांठतात आणि शेवटीं सिमेंट शाबूत राहून दगडाचाच भुगा पडतो. वरून टणक दिसणारी दुरुस्ती अशी आंतून घातक ठरते. नवें काम ठरवितांनाहि तो आधीं वास्तूला काय सोसेल हें पाहतो. वाचनालयाला वाडा मानवेल. त्याच वाड्याच्या वरच्या मजल्यावर पाण्याच्या टांक्या चढविल्या तर त्याच्या लांकडी तुळया वांकतील.

नगरच्या पेठांतून अजून कांहीं वाडे उभे आहेत. त्यांचे मालक दुष्ट नव्हेत. भाडें तुटपुंजें, वाटेकरी अनेक आणि जुनें काम जाणणारा गवंडी मिळत नाहीं, अशा पेंचांत ते सांपडले आहेत. त्यांना नुसता अभिमानाचा उपदेश करणें सोपें आहे. त्याऐवजीं नगरपालिकांनीं करांत सवलत द्यावी, तंत्रशाळांनीं चुन्याची घाणी व दरजा भरण्याचें काम शिकवावें, आणि एखाद्या शाळेनें, दवाखान्यानें अथवा पतपेढीनें नवी इमारत बांधण्यापूर्वीं पेठेंतला रिकामा वाडा एकदां पाहून यावा. पाडणें एका आठवड्याचें काम आहे. पाडल्यावर त्या घडीव दगडांचें मोल भंगाराइतकेंच उरतें.

आपण ज्या घरांत हें भाषण ऐकत आहां, त्या घराच्या गल्लींतहि एखादी अशी वास्तु असेल. तिच्या मालकाला ती कोणीं बांधली हें विचारून झाल्यावर तिसरा प्रश्नहि अवश्य विचारा.